ओव्हनमधलं दुसरं ताट

आमच्या दाराला चांगली दोन सुरांत वाजणारी बेल आहे, पण मिसेस गिलक्रिस्टना ती कधी दिसलीच नाही. त्या पत्रं टाकायच्या फटीवरची पितळी झडप उचलून सोडतात, खाड् खाड्, आणि मग खाली वाकून त्याच फटीतून हाक मारतात, "वीणाऽ, आर यू इन?" घरात नसले तर मी उत्तर कशी देणार, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नाही.

२००६ सालच्या जानेवारीतला गुरुवार. आठ वाजून गेले तरी ग्लासगोत बाहेर मिट्ट काळोख. मी उपम्याचा रवा भाजत होते आणि गिरीश, माझा नवरा, रोजच्यासारखा हॉस्पिटलचा ब्लीप, म्हणजे पेजर, शोधत होता.

"फ्रीजवर बघ," मी म्हटलं.

"फ्रीजवर कशाला असेल?"

"काल फ्रीजवर होता म्हणून."

"काल होता म्हणून आज असेल, असं पेशंटच्या तापाबद्दलसुद्धा आम्ही बोलत नाही," असं म्हणत त्याने फ्रीजवर हात फिरवला आणि ब्लीप खिशात टाकला. तेवढ्यात खाड् खाड्.

दारात मिसेस गिलक्रिस्ट. दोन घरं सोडून राहतात, वय त्र्याहत्तर. अंगात नाइटगाउन, त्यावर स्वर्गवासी नवऱ्याचा ओव्हरकोट, डोक्याला रुमाल आणि दोन्ही हातांत चंदेरी कागदाने झाकलेली बशी. माझ्या "गुड मॉर्निंग"ला उत्तर न देता त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि बशी टेबलावर ठेवली.

"आहे का ती इथे?"

"कोण?"

"तुझी मुलगी."

मला मुलगी नाही. एकुलता एक क्षितिज, तो कार्डिफला शिकायला. पण मुलगी म्हणजे कोण ते मला कळलं. सप्टेंबरअखेरीस मीच शब्द टाकून मिसेस गिलक्रिस्टकडे खोली मिळवून दिलेली सुचेता चौगुले.

त्यांनी बशीवरचा कागद काढला. आत मॅकरोनी होती, चीज घातलेली, वाळून बशीच्या आकाराची झालेली.

"काल सहा वाजता केलेली. सकाळी निघताना ती दारात उभी राहून मला म्हणाली, मी जाऊन येते. आली नाही. आज सकाळी खोलीत डोकावले तर पलंगावरची चादर जशीच्या तशी. नऊनंतर लोकांकडे फोन करायचा नसतो म्हणून गप्प बसले. आता पोलिसांना कळवायचं की नाही, एवढंच मला सांग."

मी गॅस बंद केला. गिरीशने डॉक्टरी आवाजात "आधी बसा बघू" म्हणत त्यांना खुर्ची दिली. मी सुचेताच्या मोबाइलवर फोन लावला. पाचव्या घंटीला तिने उचलला. मागे मुलामुलींचा हसण्याचा गोंधळ.

"हां काकू! बोला की!"

"कुठे आहेस तू?"

"डंडीत. कालपासून. कृत्रिम पायांचं सेंटर बघायला आणलंय सगळ्या वर्गाला. उद्या दुपारी परत. का ओ?"

"मिसेस गिलक्रिस्टना सांगितलं नाहीस?"

"सांगितलंय की! सोमवारीच सांगितलं. आणि काल निघतानाही सांगून आले."

मी फोनवर हात ठेवून म्हटलं, "डंडीला आहे. सुखरूप आहे. उद्या येतेय."

मिसेस गिलक्रिस्टच्या चेहऱ्यावर आधी रंग परत आला, मग तो जास्तच आला.

"सोमवारी म्हणाली होती, ते खरं. पण काल काय म्हणाली? मी येते! म्हणजे डंडीचं रद्द झालं, असंच मी धरणार ना?" त्या उठल्या. "आणि हे कालचंच नाही, वीणा. रोजचं आहे. येते म्हणते, येत नाही. मुलगी गोड आहे, पण खोटं बोलते. मला घरात खोटं चालत नाही. महिनाअखेरीपर्यंत तिने दुसरी खोली बघावी. मी सांगीन तिला." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "नाही. तूच सांग."

बशी टेबलावर तशीच राहिली. गिरीशने उपमा खाता खाता तिच्याकडे दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "खोटं बोलणारी? ती? तिला माझ्या बुटांबद्दलसुद्धा खोटं बोलता आलं नाही."

ते बुटांचं सांगायला हवं. सुचेता आम्हाला भेटली ती आमच्या मंडळाच्या गणपतीत. हॉलच्या दारात चपला-बुटांचा ढीग, आत आरती चाललेली, आणि ही पोरगी बाहेर उकिडवी बसून एकेक बूट उलटा करून तळ बघतेय. मला वाटलं, आपले हरवले असतील. मी विचारलं तर एक काळा बूट वर धरून म्हणाली, "काकू, हे कुणाचे ओ? यांचा उजवा गुडघा दुखत असणार बघा." बूट गिरीशचा होता. गुडघा दुखतो हे त्याने मलाही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर मी बॅडमिंटन बंद करायला लावलं असतं.

तिचे वडील, रघुवीर चौगुले, मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर पायाला लावायचे कॅलिपर आणि खास मापाचे बूट बनवतात. पोलिओ झालेली मुलं, अपघातात पाय गेलेली माणसं, सगळी त्यांच्या दुकानाच्या बाकावर बसून गेलेली. सुचेता त्या बाकाखाली खेळत मोठी झाली. माणसाचा चेहरा ती नंतर बघते, चाल आधी. पुढे फिजिओथेरपीची डिग्री घेतली आणि कृत्रिम पाय बनवण्याचं शिक्षण घ्यायला थेट ग्लासगो गाठलं. वर्षभराचा कोर्स. दर रविवारी फोन कार्डावरून मिरजेला बोलायची. वडील "जेवलीस का, थंडी आहे का" यातलं काहीच विचारायचे नाहीत. एकच प्रश्न, "या आठवड्यात काय नवीन शिकलीस?" आणि ती पंधरा मिनिटं सांगायची.

राहण्याचं मात्र काही जमेना. पहिली खोली पाच पोरांच्या फ्लॅटमध्ये मिळाली. ती पोरं भांडी घासायची नाहीत, ती संपली की नवी आणायची. दुसरी बरी होती, पण सुचेताने तिथल्या सिंकमध्ये प्लास्टरने माखलेले हात धुतले आणि नळी दगडासारखी भरून गेली. मिरजेत ते अंगणात धुतात, त्यामुळे नळीचा प्रश्न तिच्यापुढे कधी आलाच नव्हता. तिसरी खोली मिसेस गिलक्रिस्टची.

आणि तिथे तिला खोलीपेक्षा मोठं घबाड मिळालं. मागच्या अंगणातली शेड. मिस्टर गिलक्रिस्ट, टॅम, गोदीत सुतार होते. सहा वर्षांपूर्वी ते गेले तेव्हापासून शेडला कुलूप. आत त्यांचं लांबलचक कामाचं टेबल, लाकूड पकडायचा लोखंडी व्हाइस, ओळीने टांगलेल्या कानशी. सुचेताने खिडकीच्या काचेला नाक लावून हे सगळं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं. मिसेस गिलक्रिस्टनी किल्ली दिली. वर अट घातली, प्रत्येक हत्यार होतं त्याच खिळ्यावर गेलं पाहिजे. गेल्या चार महिन्यांत एकही चुकीच्या खिळ्यावर गेलं नव्हतं, हे त्याच मला कौतुकाने सांगत.

बाकी मुलगी हळूहळू रुळत होती. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणायला शिकली. दोन पंजाबी ड्रेस एकावर एक घालून वर कोट चढवायला शिकली. एकदा मिसेस गिलक्रिस्ट म्हणाल्या, "माझे मेसेजेस आणशील का?" तर ही फोनजवळ गेली, आन्सरिंग मशीनची बटणं दाबली आणि परत येऊन म्हणाली, "एकही नाही." ग्लासगोत मेसेजेस म्हणजे किराणा, हे तिला मी सांगितलं. दुसऱ्यांदा तिचा फोन आला तो जरा रडवेला होता. "काकू, त्या मला सारखं कोंबडी का म्हणतात?"

"कोंबडी?"

"हेन, हेन करतात. मी काय केलंय त्यांचं?"

"अगं, इथे हेन म्हणजे बाळा, पोरी. माया आहे ती."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने बसमधल्या एका आजीबाईंना हेन म्हटलं आणि आजीबाईंनी तिला लिमलेटची गोळी दिली.

शुक्रवारी दुपारी डंडीहून ती थेट माझ्याकडे आली. पाठीवर नेहमीची सॅक, नाक लाल, डोळ्यांत उत्साह. डंडीत बघितलेल्या गुडघ्याच्या सांध्याबद्दल ती दहा मिनिटं बोलली. मग तिचं माझ्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं.

"काय झालं ओ?"

मी सांगितलं. पोरीला रडू फुटेल म्हणून मी तयारीत होते. ती रडली नाही. तिने चहाचा कप बाजूला सरकवला आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, काहीतरी मोजायला घेतल्यासारखे.

"सतरा मार्चला आमची परीक्षा आहे, काकू. लेखी नाही. एक रिटायर्ड बसड्रायव्हर आहेत, त्यांचा गुडघ्याखालचा पाय नाहीये. त्यांना मी पाय करून द्यायचा आणि तो घालून त्यांनी सरांसमोर वीस पावलं चालायचं. पाय ज्यात बसतो ते सॉकेट हातानं घासून घासून जमवावं लागतं. जरा कमी-जास्त झालं तर चामडी सोलते. कॉलेजचं वर्कशॉप पाचला बंद. बाकी पोरं घरून आधीच शिकून आलीत, त्यांचा हात चालतो. माझा रात्री त्या शेडमध्ये चालतो. खोली काय, कुठंही मिळेल. तसली शेड नाही मिळणार."

"पण मग तू येते म्हणून येत का नाहीस?"

"येते की! रोज येते. लायब्ररी करून यायला आठ वाजतात, साडेआठ वाजतात, पण येते. न येऊन जाणार कुठं?"

"त्या म्हणतात, तू खोटं बोलतेस."

"काकू," ती म्हणाली, "मला बाबांनी एकच गोष्ट सांगून पाठवलंय. पेशंटला पाय कधी मिळेल ते खोटं सांगायचं नाही. मी कशाला खोटं बोलू?"

दोघी खऱ्या होत्या, हे मला दिसत होतं. मग चूक राहते कुठे? मी तिला डब्यात थोडा उपमा दिला. ती कोट चढवून दारात गेली, बूट घातले, म्हणाली, "येते, काकू."

"ये गं," मी म्हटलं आणि दार लावलं.

दार लावून कडीवरचा हात काढलाच नाही मी. चौदा वर्षं या देशात राहून, रोज इंग्रजी बोलून, मला हे ऐकू आलं नव्हतं. येणार कसं? माझ्या कानाला त्यात काही खटकण्यासारखं नव्हतंच. दार उघडून मी पायऱ्यांवरूनच ओरडले, "सुचेता! मिसेस गिलक्रिस्टच्या घरातून निघताना तू नेमकं काय म्हणतेस?"

ती फाटकाशी वळली. "जाऊन येते म्हणते."

"इंग्रजीत?"

"आय विल गो अँड कम."

"रोज?"

"रोज. म्हणजे घाईत असले तर नुसतंच आय विल कम. का ओ?"

मी तिला परत आत घेतलं. गिरीश आला तेव्हा आम्ही दोघी टेबलाशी डोकी धरून बसलो होतो. त्याला सांगितल्यावर तो इतका हसला की ब्लीप खिशातून खाली पडला. "म्हणजे ती बिचारी बाई चार महिने रोज सकाळी समजतेय की ही कोपऱ्यावर दूध आणायला गेलीय!"

"हसू नकोस," मी म्हटलं. "तूसुद्धा पहिल्या वर्षी वॉर्डातून निघताना सिस्टरला आय विल कम म्हणायचास. ती तुझ्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांना थांबवून ठेवायची."

"मला वाटायचं, माझ्यावर विश्वास आहे तिचा," तो म्हणाला आणि ब्लीप उचलला.

रविवारी चर्चमधून मिसेस गिलक्रिस्ट परत आल्यावर, तीनच्या सुमारास, आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. सुचेता त्या घरात राहणारी, पण माझ्या मागे अंग चोरून पाहुण्यासारखी उभी. मिसेस गिलक्रिस्टनी चहाच्या किटलीवर लोकरीची टोपी चढवली होती, बशीत शॉर्टब्रेडची बिस्किटं मांडली होती. रागावल्या असल्या तरी त्यांनी पाहुण्याला कोरडं कधी पाठवलं नसतं. शब्द मात्र मोजकेच.

"दूध?"

"थोडं."

"साखर?"

"नको."

मग मी सुरुवात केली. म्हटलं, आमच्या भाषेत घरातून निघणारं माणूस "जाते" असं म्हणत नाही. ते वाईट समजतात. जाते म्हणजे गेलीच. म्हणून आम्ही येते म्हणतो. त्याचा अर्थ एवढाच, की माझं जाणं कायमचं नाही, मी परत येणार.

त्यांनी कप खाली ठेवला. "परत कधी?"

"ते त्यात नसतं."

"तासाभराने? उद्या? पुढच्या वर्षी?"

"काहीही असेल."

"मग त्या शब्दाचा उपयोग काय?" त्या म्हणाल्या. मग जरा खिडकीकडे बघत त्याच पुढे म्हणाल्या, "माझी मुलगी मोराग दर वर्षी ऑस्ट्रेलियातून फोन करते. आय एम कमिंग, मम. ती तारीखसुद्धा सांगते. मी तिची खोली झाडून ठेवते."

एवढी चिडचिड नुसत्या मॅकरोनीसाठी नव्हती, हे मला तेव्हा कळलं. सुचेतालाही कळलं असावं, कारण ती माझ्या मागून पुढे येऊन त्यांच्या जवळच्या खुर्चीवर बसली.

"आणि घरात राहणारं माणूस काय म्हणतं?" मिसेस गिलक्रिस्टनी एकदम विचारलं. "ती येते म्हणाली, तर मी काय म्हणायचं?"

"ये," सुचेता म्हणाली.

"येय?"

"ये."

"येय!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "म्हणजे पोरगी घराबाहेर पडली की मी दारात उभं राहून मॅच जिंकल्यासारखं येय करून ओरडायचं? शेजारणीला वाटेल, हिची ब्याद टळली म्हणून नाचतेय."

सुचेता फिस्सकन हसली आणि चहा तिच्या नाकात गेला. मिसेस गिलक्रिस्टनी तिच्या पाठीत दोन थापट्या मारल्या, हसल्या मात्र नाहीत. त्यांचं गाऱ्हाणं अजून संपलेलं नव्हतं.

"बरं, ते समजलं. पण माझ्या हातचं खायला काय झालंय तिला? रोज विचारते, सहाला टी घेणार ना? रोज म्हणते, नको, मी चार वाजता घेते. आणि त्याच दमात म्हणते, येते. नको पण म्हणते आणि येते पण म्हणते! तेव्हा मी दोघींचं करते. नाही आली, तर माझं मी आठला गार खाते. मांस चालत नाही म्हणून रोज काहीतरी वेगळं शोधून करते. एक दिवस चव बघितली नाही."

हे मात्र मला ठाऊक नव्हतं. पण ऐकता क्षणीच कळलं, कारण ही ठेच मला स्वतःला लागलेली होती. आम्ही नवे होतो तेव्हा गिरीशच्या वरिष्ठांनी आम्हाला संध्याकाळी सहाला टीसाठी बोलावलं. नुसत्या चहावर क्षितिज भुकेला राहील म्हणून मी आधी सगळ्यांना वरणभात जेवायला घातला, आणि तिथे टेबलावर सूप, बटाटे, भाज्या, पुडिंग. मी आणि गिरीशने ते सगळं पुन्हा खाल्लं. दोन दिवस नुसत्या ताकावर होतो.

मी सुचेताला मराठीत म्हटलं, "अगं, टी म्हणजे चहा नव्हे. इकडे संध्याकाळच्या जेवणाला टी म्हणतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे त्या मला जेवायला बोलवत होत्या?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"चार महिने मी खोलीत ब्रेड आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली की ओ!" मग तिचा हात सावकाश तोंडावर गेला. "अगं बाई. काकू. मग ते ताट माझं होतं?"

"कुठलं ताट?"

"मी आठला यायची, तर ओव्हनमध्ये दोन ताटं असायची. एक काढून त्या जेवायच्या, आणि दुसरं तसंच आत. मला वाटलं, त्यांच्या मिस्टरांच्या नावानं वाढतात. आपल्याकडं पितरांना वाढतात तसं. म्हणून मी कधी विचारलंच नाही. उलट ओव्हनपुढून जाताना नमस्कार करायची."

"नमस्कार?"

"मनातल्या मनात," ती म्हणाली. "एक-दोनदा हात जोडून."

"काय म्हणाली ती?" मिसेस गिलक्रिस्टनी विचारलं.

एका विधवेला हे कसं सांगायचं? गोड शब्दांत झाकून नेता येईल का, असा विचार मी करत होते. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की झाकलेलं त्यांना लगेच दिसलं असतं. शेवटी जसं होतं तसं सांगितलं. गेलेल्या माणसांसाठी आमच्याकडे वर्षातून एकदा पान वाढतात. सुचेताला वाटलं, तुम्ही टॅमसाठी रोज वाढता. तिला वाटलं, किती ही निष्ठा. म्हणून ती ओव्हनला नमस्कार करत होती.

मिसेस गिलक्रिस्टच्या हातातला शॉर्टब्रेडचा तुकडा तसाच राहिला. मला वाटलं, झालं, आता महिनाअखेरही नाही, आजच. मग त्यांचे खांदे हलायला लागले. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "टॅम," त्या कशाबशा म्हणाल्या, "टॅमला! मॅकरोनी! अगं, जन्मभर त्याने मॅकरोनी तोंडात घेतली नाही. म्हणायचा, हे भिंतीला कागद चिकटवायला वापर!" आणि मग त्या अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी. सुचेताही हसत होती आणि मध्येच "सॉरी, सॉरी" म्हणत होती. मी दोघींना टिश्यू दिले, एक स्वतःला ठेवला.

बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "चार महिने तो माणूस वर बसून बघत असेल, माझ्या नावाने रोज मॅकरोनी. घाबरला असेल बिचारा." मग सुचेताकडे वळल्या. "महिनाअखेरीचं मी बोलले, ते विसर. तुझ्या बसड्रायव्हरचा पाय पुरा होईपर्यंत शेड तुझी. आणि पाय झाल्यावरही, कोर्स संपेपर्यंत. पण ऐक, हेन. मला अर्धवट बोललेलं कळत नाही, मी सुताराची बायको आहे. आणखी काही मनात असेल तर आत्ताच सांग, सरळ सांग."

सुचेताने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, भाषांतराला बोलावतेय. म्हणून मी खुर्चीत पुढे सरकले. पण तिने मान हलवली, कप खाली ठेवला आणि आपल्या इंग्रजीत, एकेक शब्द जोडत, स्वतःच म्हणाली,

"मिसेस गिलक्रिस्ट, तुम्ही रोज सहाला जेवून घ्या. माझ्यासाठी थांबू नका."